लाभ, दोन, तीन

त्या वर्षातल्या सकाळी मला अजून धुक्यातूनच दिसतात. सगळ्या काही धुक्याच्या नसणार. ऑगस्टात पाऊस कोसळत होता आणि ऑक्टोबरात लख्ख ऊन पडायचं. पण आठवायला बसलं की धरणाच्या पाण्यावरून वर सरकत येणारं तेच पांढरं दिसतं, त्यातून जीपचे दोन पिवळे दिवे येतात, आणि मी वही छातीशी धरून वळणावर उभी असते. जीपमध्ये खिडकीच्या दांडीला डोकं टेकवायचं आणि राहिलेली साखरझोप पुरी करायची, असा माझा नेम होता. अकोले येईस्तोवर मी ना घरात असायचे ना कॉलेजात. त्या अधल्यामधल्या तासाभरात मला भाताची खाचरं दिसायची, आणि बांधावर बगळ्यांच्या ऐवजी एक्स बसलेले असायचे. जवळ गेलं की उडून जायचे.

हसू नका. त्या वर्षी एक्सनं मला खरोखरच छळलं होतं.

बारावी मी पास झाले ती गाइडाच्या जिवावर. आमच्या शाळेत दोन वर्षं गणिताला शिक्षकच नव्हते. मराठीचे सर अधूनमधून डोकावून "एवढी एवढी उदाहरणं पाठ करा" म्हणायचे, आणि आम्ही कविता पाठ करावी तशी उदाहरणं पाठ करायचो. आकडे बदलले की संपलं. तरी बी.एस्सी.ला मी हट्टानं गणित घेतलं. पहिल्याच आठवड्यात कॉलेजनं सगळ्यांची एक चाचणी घेतली आणि पंचवीसपैकी मला चार पडले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्यांचे पोहरे असे रिकामे निघाले त्यांच्यासाठी रोजच्या तासांच्या आधी, सकाळी साडेसातला, एक जादा वर्ग भरायचा. कागदावर त्याचं नाव 'पायाभूत गणित' होतं. बाकीची मुलं आम्हाला कच्ची लिंबं म्हणायची. लहानपणी खेळात एखादं कच्चं लिंबू असायचं ना, सगळ्यांबरोबर धावायचं, पण बाद झालं तरी कुणी मोजायचं नाही, ते आम्ही.

नियम सरळ होता. डिसेंबरात या वर्गाची परीक्षा. पंचवीसपैकी पंधरा पडले तर गणित राहील, नाहीतर नाव काढून दुसऱ्या विषयाला घालणार. घरी तर माझा त्याहून सरळ करार झाला होता. बाबांच्या मनात मला नाशिकला मावशीकडं ठेवून नर्सिंगला घालायचं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. माझी मावसबहीण तेच शिकून नोकरीला लागली होती. पण मला गणितच पाहिजे होतं. जे येत नाही तेच मला पाहिजे असतं, हा माझा जुना रोग. आणि दुसरं म्हणजे, आमच्याकडं भाताची रास मोजताना खडे धरायचं काम मी सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडं होतं. बाबा पायलीच्या मापानं भात मोजायचे आणि वीस पायल्या झाल्या की मी एक खडा बाजूला ठेवायचे. त्या खड्यांच्या जोरावर मी स्वतःला मोठी गणिती समजत होते.

"गनित सुटलं तर मुकाट मावशीकडं जायाचं," बाबा म्हणाले होते. "कबूल?"

"कबूल," मी म्हटलं होतं. बोलून गेले आणि मग चार महिने तो शब्द छातीवर घेऊन फिरले.

वर्ग घेणारे सर देवळाली प्रवराकडचे, उसाच्या पट्ट्यातले, निवृत्तीला आलेले. अगदी शांत माणूस. त्यांना कधी आवाज चढवताना मी ऐकलं नाही; ती कसर मी भरून काढायचे. खोली जिन्याजवळची होती आणि तिची एक खिडकी काही केल्या लागत नसे. त्या खिडकीतून गारवा यायचा, लांबून एस.टी.चा हॉर्न यायचा, आणि आम्ही वीसेक जण अर्धवट झोपेत फळ्याकडं बघत बसायचो. सर हळू लिहायचे. खडूचा टकटक आवाज थांबला की मी दचकून जागी व्हायचे. माझ्या शेजारी राजूरच्या बाजारातल्या एका धान्यदुकानदाराची मुलगी बसायची. ती रोज रुमालात खारी आणायची आणि बाकाखालून निम्मी माझ्या हातात द्यायची. तोंडात खारी विरघळतेय, फळ्यावर आकडे विरघळतायत, असं ते सगळं एकात एक मिसळून गेलेलं आहे.

पण एक सकाळ मात्र लख्ख आठवते. सरांनी माझा चाचणीचा कागद समोर धरला होता. तीन एक्स वजा एक्स बरोबर किती, असं विचारलेलं होतं आणि मी लिहिलं होतं, तीन.

"हे कसं आलं?" सरांनी विचारलं.

"तीन एक्स होते. त्यातला एक्स काढून घेतला. राहिले तीन."

वर्ग हसला. म्हणजे जे जागे होते ते हसले.

"अगं, पण या दुसऱ्या एक्सच्या मागं काय आहे?"

"काही नाही, सर."

"एक आहे."

"कुठं?"

सरांनी फळ्यावरच्या एक्सच्या मागच्या काळ्या जागेवर बोट टेकवलं. "इथं."

"मग लिहा ना."

"लिहायची पद्धत नाही."

"नाही तर नाही. मग मोजायचा कशाला?"

नाकाच्या शेंड्यावर राग, दुसरं काय. पण मी उद्धटपणा करत नव्हते, मला खरंच दिसत नव्हतं. सरांनी आंबे काढले. तीन आंब्यांतून एक आंबा गेला तर किती? मी म्हटलं, सर, तुम्ही एक आंबा म्हणालात, इथं एक कुठं म्हटलंय? तीन आंब्यांतून आंबा गेला, असं कुणी म्हणतं का? सरांनी डोकं खाजवलं. आंब्यावरून ते उसाच्या मोळीवर आले, मोळीवरून पुन्हा फळ्यावर. शेवटी म्हणाले, "बाळ, तुझं घोडं इथंच पेंड खातंय. तुझी सगळी उदाहरणं शेवटी याच एका जागी चुकतात. सध्या नियम म्हणून पाठ कर."

"पाठ करून करूनच या वर्गात आलेय, सर," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर रडू आल्याचा राग आला तो वेगळाच.

त्यानंतर दीड महिना मी त्या न लिहिलेल्या एकाशी भांडत राहिले. नियम पाठ होता. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणाले असते. पण लांबलचक समीकरण सोडवायला घेतलं की हात आपलं जुनंच करायचा. एकटा एक्स दिसला की त्याला रिकामा समजून पुढं निघून जायचा. दर शनिवारी छोटी चाचणी व्हायची. मला सहा, सात, पुन्हा सहा. जीपमधल्या झोपेत आता बांधावरचे एक्स उडत नव्हते, माझ्याकडं बघत बसायचे. मला खात्री वाटायला लागली होती की मी नाशिकला जाणार. मावशीच्या घरातली ती कॉट, खिडकीखालचं शिवणयंत्र, सगळं डोळ्यांपुढं यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत हळवं भात निघालं. आमच्याकडं दोन जातीचं भात असतं. हळवं लवकर पिकतं, दिवाळीच्या आगेमागे, आणि गरवं मागून डिसेंबरात येतं. हळव्याची रास खळ्यात पडली होती, वारं देऊन झालं होतं. रास मोजायची तर आमच्या घरात थोडं सोवळंच असतं. चपला लांब काढायच्या. मोजणाऱ्यानं उगवतीकडं तोंड करून बसायचं, डोक्याला काहीतरी गुंडाळायचं. पायलीला हात पुरुषांनीच लावायचा. आणि मोजणी सुरू झाली की कुणी बोलायचं नाही, नाहीतर आकडा मोडतो. बोलणारा एकटा मोजणारा. आणि तो पहिल्या पायलीला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. भरलेली पायली पोत्यात पडेपर्यंत तोच शब्द घोळवत राहायचा, लाभ लाभ लाभ, दोन दोन दोन. वीस झाल्या की खडा, आणि पुन्हा लाभ.

मी खडे घेऊन माझ्या जागेवर बसले. बाबा अजून डोक्याला टॉवेल गुंडाळत होते. तेवढ्यात वहिनीनं खराटा थांबवून मला डिवचलं.

"वन्सं, आज लाभ मोजनार ना? का आपल्या एकोनीसच?"

आमच्या घरातला हा जुना विनोद. वहिनी तर लग्न होऊन नंतर आली, पण तिलाही तो कुणीतरी सांगून ठेवलेला. पहिल्यांदा खडे हातात मिळाले तेव्हा मी बाबांच्या आवाजाबरोबर बोटं मोजत होते आणि वीस म्हटल्यावर मी खडा ठेवायला साफ नकार दिला होता. ह्या एकोनीसच हायेत, तुमी एक म्हनलाच न्हाई, असं म्हणून मी खळ्यात फतकल मारली होती म्हणे. बाबांनी पोतं उपडं करून सगळं पुन्हा मोजलं होतं आणि पहिली पायली माझ्या मांडीवर ठेवून विचारलं होतं, "ही हाय का न्हाई? जड लागती का न्हाई? मग झालं तर. एक म्हनलं न्हाई म्हनून ती काय हवेत गेली व्हय?"

नेहमीप्रमाणे मी वहिनीला जीभ दाखवली. बाबांनी पायली भरली, हात फिरवून सपाट केली, उचलली.

"लाभ, लाभ, लाभ..."

भाताचा वास येत होता. ऊन कोवळं होतं, कोंडा हवेत तरंगत होता, आणि बाबांचा आवाज त्या तरंगण्यातूनच येत होता. दोन, दोन. तीन, तीन. मला गुंगी आली, जीपमध्ये यायची तशी. पोत्यात भात सरसरत होतं. चौदा. पंधरा. आणि त्या गुंगीत मला सरांचं बोट दिसलं, काळ्या फळ्यावर, रिकाम्या जागी टेकलेलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं, पण ती जागा जड होती. मांडीवर ठेवलेल्या पायलीइतकी जड. मी तिथं बसल्या बसल्या गार पडले. सात वर्षांची असताना जी चूक केली तीच मी एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात जाऊन पुन्हा केली होती, त्याच शब्दांत, त्याच हट्टानं.

"खडे किती?" बाबांचा आवाज आला.

मी हाताकडं पाहिलं. खडे सगळेच्या सगळे मुठीत होते. किती विसा झाल्या मला पत्ता नव्हता.

"ठावं न्हाई," मी म्हटलं.

एवढे शांत बाबा, पण त्या दिवशी त्यांनी पोती उपडी करताना मला नाही नाही ते ऐकवलं. खडे ठेवायचं सोडून तोंड उघडं टाकून बसते, असली ही गणितवाली. मी ऐकत होते आणि हसत होते. त्यामुळं आणखी बोलणी बसली. सगळी रास पुन्हा मोजली आणि मी प्रत्येक लाभ कान देऊन ऐकला.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी मी हात वर केला. सरांना वाटलं, पुन्हा भांडण. मी उठून रास, पायली, लाभ, सगळं सांगितलं. तीन एक्स वजा लाभ एक्स, म्हणजे दोन एक्स. कुणी हसलं नाही. शेजारची म्हणाली, "आमच्या दुकानात दादाजी बरकत म्हणायचे. बरकत, दो, तीन." मागून कुणीतरी म्हणालं, आमच्याकडंही लाभच. वीसजणांतल्या निम्म्यांना ते ठाऊक होतं आणि कुणाच्याही ते वर्गात आणायचं मनात आलं नव्हतं.

सर मग म्हणाले, "आमच्याकडं ऊस. तो काट्यावर जातो आणि आकडा छापून येतो. मला हे माहीत नव्हतं." मग त्यांनी फळ्यावर वजा एक्स लिहिला आणि माझ्याकडं पाहिलं. "इथं मग काय?"

"वजा लाभ," मी म्हटलं.

"तौबा," शेजारची पुटपुटली, "लाभाला वजा करतात का कुठं?" आणि सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

त्यानंतरचे दिवस खरंच स्वप्नात गेल्यासारखे गेले. उदाहरण सोडवताना एकटा एक्स आला की मी मनात लाभ म्हणायचे, आणि हात आपोआप थांबायचा. शनिवारी अकरा पडले, मग तेरा. बाकी सगळं मला येत होतं की काय कोण जाणे. त्या एका जागी पाणी मुरत होतं.

डिसेंबरातल्या परीक्षेला मी घाबरून गेले होते. रात्रीची झोप नाही, जीपमध्येही नाही. पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न एका गुणाचा होता: एक्सचा सहगुणक लिहा, म्हणजे एक्सच्या मागं असलेली संख्या. मी लिहिलं, लाभ. विचार करून लिहिलं असं नाही. हातानं लिहिलं. पेपर देऊन बाहेर आल्यावर आठवलं. एका गुणानं गेलं तर? बाबांना काय सांगणार, लाभानं बुडाले?

चार दिवसांनी यादी लागली. मला एकोणीस होते. मी ती ओळ बोटानं तीनदा घासली. मग सरांकडं जाऊन माझा पेपर मागितला. पहिल्या उत्तरावर लाल शून्य होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'घरी लाभ. इथे 1.'

"सर, तुम्हाला माहीत होतं ना मला काय म्हणायचंय ते?" मी म्हटलं. एकोणीस पडलेत, गणित राहिलंय, आणि मी उभी राहून एका गुणासाठी भांडतेय.

"माहीत होतं," सर म्हणाले. "पण पुढचा पेपर मी नाही तपासणार." त्यांनी पेपराची घडी घालून माझ्या हातात दिली. तो एक गुण मी अजून विसरलेले नाही. आता मी स्वतः शिकवते आणि दर वर्षी कुणीतरी तीन एक्समधून एक्स काढून तीन उरवतं. त्याला मी आधी विचारते, तुमच्या घरी पहिल्या पायलीला काय म्हणतात? आणि परीक्षेत मात्र सरांसारखंच शून्य देते.

त्या दिवशी मी दुपारच्या जीपनं घरी आले. गरव्याची मळणी संपत आली होती. बाबा खळ्यात होते, अंगभर कोंडा. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "राह्यलं का?"

"राह्यलं."

"बरं," म्हणाले आणि कामाला लागले. मला वाईट वाटलं. निदान एकदा वर तरी बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडे वेचून माझ्या जागेवर जाऊन बसले. बाबांनी राशीवर नारळ ठेवला, पायली धुवून आणली आणि उभेच राहिले.

"गुडघा धरलाय," म्हणाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी एकट्यानं पोती हलवली होती, तेव्हा गुडघ्याचं नावही नव्हतं. त्यांनी पायली माझ्यापुढं धरली. "ये. उगवतीकडं तोंड कर."

वहिनीचा खराटा थांबला. "बाबा, पायलीला बायकांनी..." मी म्हणायला लागले.

"गनित कुनाचं राह्यलं, माजं का तुजं? बस."

मी डोक्यावर ओढणी घेतली. भात गार होतं. पायली भरली, हात फिरवला, उचलली. एवढी जड असते हे मी विसरले होते. सगळं घर गप्प झालं होतं. मी बाबांकडं पाहिलं. ते माझ्या मुठीतून पडलेले खडे वेचत होते.

"लाभ," मी म्हटलं.

बाबा खडे घेऊन माझ्या जागेवर जाऊन बसले आणि ऐकायला लागले.